धूरमाफीचा महिना

परवा तुम्ही सगळी टोळी माझ्या गावाला आलात आणि राघव्या ओट्यावरच्या त्या फाटक्या सीटवर टेकायला गेला, तेव्हा आई आतून कशी ओरडली, आठवतंय? "अगं ईशे, उठव त्याला, तिथं नको!" बिचाऱ्याच्या हातातला चहा सांडला. तुम्ही फिदीफिदी हसलात आणि मी म्हटलं, नंतर सांगते. तर आता सांगते. मध्ये मध्ये बोलू नका, माझी लिंक तुटते.

ती सीट जीपची आहे. पुढची, डावीकडची, खिडकीजवळची. पप्पांच्या वडापची.

वडाप म्हणजे काय ते तुम्हा पुण्याच्या पोरांना सांगायलाच लागणार. जिथं एस.टी. येत नाही तिथं जी जीप जाते, ती वडाप. नऊ जणांच्या जागेत सोळा माणसं, दोन करडं, एक गॅसची टाकी, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. कायदा एकच. भरल्याशिवाय सुटायचं नाही. ड्रायव्हर स्टँडवर ओरडत राहणार, "चला एक शीट, एक शीट राहिलंय!" जीपमध्ये चिटपाखरू नसलं तरी शीट एकच राहिलेलं असायचं. नवा माणूस धावत येऊन बसायचा आणि मग तासभर एकटाच बसून राहायचा. मला लहानपणी ते इतकं भारी वाटायचं!

पप्पांची जीप आमच्या मळदेवहून घाट चढून पठारावर जायची. पठार म्हणजे पवनचक्क्यांचं पठार, तुम्ही लांबून बघितलं ते. मागच्या काचेवर लिहिलेलं होतं, "बघतोस काय, बस की." गावात पप्पांना सगळे दिगूदा म्हणतात. दिगूदाचा हॉर्न तीन सुरांचा. तो खालच्या वळणावर वाजला की वरच्या धनगरवाड्यावर बाया चुलीवरचं भांडं उतरवायच्या, कारण आता पिशवी घेऊन पळायचं.

आणि आई? आई पठारावरच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. नवी नवी लागली तेव्हा रोज सकाळी लशींचा निळा डबा मांडीवर घेऊन वडापनंच वर जायची. तो डबा दाबला जाऊ नये म्हणून पप्पांनी तिला पुढची खिडकीची सीट दिली. पहिल्या दिवशी डब्यासाठी दिली. पुढं पुढं डबा नसला तरी ती सीट रिकामी ठेवायला लागले. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर, आणि पुढं एक सीट मोकळी! लोक कावायचे. पप्पा म्हणायचे, "ती सिस्टरची हाय." आई म्हणायची, "ओ ड्रायव्हर, हळू चालवा." असं सिस्टर-ड्रायव्हर करत करत लग्न झालं, आणि लग्नानंतरही तेच राहिलं. बायकोला सिस्टर म्हणणारा अख्ख्या तालुक्यात एकटा माझा बाप.

हसा, हसा. आता पुढचं ऐका.

मी तिसरीत होते तेव्हा डिझेल भयंकर महाग झालं. डिझेलची मूळ किंमत राहिली बाजूला, त्यावरचे टॅक्सच जास्त. घाट चढायला जेवढं लागायचं त्यात दिवसाची कमाई जायची. मग सगळे वडापवाले तेच करायचे जे जुने ट्रकवाले करायचे. उतार लागला की इंजिन बंद. किल्ली फिरवायची, गिअर न्यूट्रल, आणि जीप नुसती सोडून द्यायची. घाट संपेपर्यंत थेंबभर डिझेल जळायचं नाही.

आता यातली गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की गाडीचा ब्रेक आपला पाय एकटा दाबत नसतो. इंजिन चालू असलं की त्याच्या जोरावर एक पंप हवा खेचून ठेवतो, आणि ती ओढ पायाला मदत करते. इंजिन बंद केलं की साठलेली ओढ दोन-तीनदा ब्रेक मारण्यापुरती पुरते. मग पेडल असं घट्ट होतं जसा काही खाली दगड आहे.

एका संध्याकाळी असंच उतरताना चौथ्या वळणावर पप्पांच्या पायाखाली दगड आला. त्यांनी जीप दरीकडं जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगावर घातली. कुणी गेलं नाही. पण आई डोंगराच्या बाजूला होती. तिचं डावं मनगट मोडलं. अजून ते पूर्ण वळत नाही. त्या हातात ती बांगडी घालत नाही, बघितलं असेल तुम्ही.

पप्पा दवाखान्यात आले आणि सगळ्यांना म्हणाले, "ब्रेक फेल झाला." आजीला तेच, फौजदाराला तेच. आईलाही तेच. मी तिथं कॉटच्या पायाशी बसलेले. आईनं प्लास्टरमधल्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "ओ ड्रायव्हर, मला पाखरं ऐकू येत होती."

पप्पांनी मान खाली घातली.

कळलं का? इंजिन चालू असताना वडापमध्ये शेजारच्याचं ऐकू येत नाही, पाखरं कुठली ऐकू येतायत. आई म्हणाली, "हात मोडला त्याचं काही नाही. पण मी आता तुमच्या गाडीत बसणार नाही." एवढंच. भांडण नाही, माहेरी जाणं नाही. घर तेच, ताट तेच, सिस्टर-ड्रायव्हर तेच. फक्त ती त्या जीपमध्ये परत बसली नाही. आणि पप्पांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही. ब्रेक फेल म्हणजे ब्रेक फेल.

मग नाकं आली.

तुमच्याकडं त्यांना काय म्हणतात? धूरमापक केंद्र? आमच्याकडं नाकं. आणि माझी पहिली नोकरी, हसू नका, नाकं पुसायची. डिप्लोमा झाल्यावर आमच्या घाटातली नाकं माझ्याकडं होती. काचा पुसायच्या, आरसे सरळ करायचे, कोळ्यांची जाळी काढायची.

त्याचं असं आहे. उसाच्या पट्ट्यात लोक घरोघरी अल्कोहोल गाळून गाडीत घालायला लागले, कुणी छतावर चार्ज करायला लागले, आणि पंपावरचा टॅक्स गळायला लागला. तेव्हा सरकारनं इंधनावरचा टॅक्स पंपावरनं उचलला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी आणून ठेवला. काय भरलं ते विचारायचं नाही, काय सोडलं ते बघायचं. रस्त्याच्या एका कडेला खांब, पलीकडं आरसा. खांबातनं इन्फ्रारेड किरण निघतो. आपल्याला दिसत नाही, पण त्यातही रंग असतात. धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यातला एक ठरावीक रंग गिळतो, कार्बन मोनॉक्साइड दुसराच, न जळलेलं तेल तिसरा. किरण आरशावरनं परत आला की मोजायचं, कुठला रंग किती गायब. जेवढा गायब तेवढा धूर, तेवढा टॅक्स.

आणि ते गाडी ओळखतंसुद्धा! नंबर प्लेट झाका नाहीतर फोडा. मसाला तोच असला तरी प्रत्येक घरची आमटी वेगळी लागते ना? तसा प्रत्येक इंजिनाचा धूर वेगळा. कुणाची रिंग झिजलेली, कुणाचा पंप गळका. नाकाला एकदा वास माहीत झाला की संपलं.

आमच्या घाटात सात वळणं आणि सात नाकं. कारण वळण घेतलं की ड्रायव्हर पाय दाबतोच, मग चढ असो की उतार. आणि वीस वर्षांवरच्या डिझेल गाडीला खास नियम. टॅक्स चालू असताना एका दिवसात तीन नाकांना सापडली की नोंदणी आपोआप रद्द. चौथ्याला विचारायचंच नाही, गाडी भंगारात.

पप्पांनी जीप शेडमध्ये लावली आणि वर ताडपत्री टाकली. स्वतः गपगाडीच्या चार्जिंग स्टेशनवर वायरी लावायला लागले. गपगाडी म्हणजे ती बिनड्रायव्हरची शटल हो, गावानं नाव ठेवलेलं. आवाज नाही, आणि आत कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येकाची सीट वेगळी, प्रत्येकासमोर स्क्रीन, वेळ झाली की एक माणूस असला तरी सुटते. आई त्यातनं वर जायची.

पण एक सांगते, आई नाकांच्या बाजूनं होती. म्हणायची, "माझ्या ओपीडीत खोकल्याची पोरं निम्म्यावर आली. तुमच्या ड्रायव्हर लोकांना काय वाटायचं ते वाटू दे." पप्पा दर रविवारी शेडमध्ये जीप चालू करून थोडा वेळ ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. आई त्या वेळी घराच्या सगळ्या खिडक्या धाडधाड लावायची. आमच्याकडं रविवार त्या आवाजानं उजाडायचा.

आता धूरमाफी.

त्या वर्षी मार्चपासूनच असली आग पडली होती ना! आणि वारा ठार बंद. पठारावरच्या पवनचक्क्या सगळ्या हात पसरून गप्प उभ्या. प्रत्येक घरात एसी आणि पंखे चालू, विजेची मारामार. शेवटी चार्जिंगला रेशन लागलं. आधी दवाखाने, मग ॲम्ब्युलन्स, मग दुधाच्या गाड्या. गपगाडी बंद. भाजीचे भाव आभाळाला. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा सरकारनं जाहीर केलं की वाहनचालकांचा खर्च हलका व्हावा म्हणून एप्रिल महिनाभर धुराचा टॅक्स माफ. जुन्या गाड्याही काढा. तीस तारखेला संध्याकाळी सहाला माफी संपेल.

बातमी लागली तेव्हा आम्ही जेवत होतो. पप्पांनी भाकरी तशीच ठेवली, उठले, आणि शेडमध्ये गेले. ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

आई म्हणाली, "झालं. आता माझी ओपीडी भरणार." पण उठून तिनं त्यांच्या ताटावर ताट झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला. तीन सूर. काय सांगू तुम्हाला! मी पहिल्या नाकापाशी काच पुसत होते. खाली गावात दारं उघडली. म्हातारी माणसं लगबगीनं रस्त्यावर. पोपटनाना, म्हणजे पवनचक्कीवरचे रिटायर वॉचमन, बनियनवरच धावत आले आणि म्हणाले, "दिगू, आरं थांब, मी येतो!"

"कुठं जायचंय नाना?"

"कुठं न्हाय. बसायचंय."

जीप माझ्यासमोरनं गेली, मागं काळा ढग. माझ्या हातातल्या स्क्रीनवर नाकानं लिहिलं, "अनोळखी वाहन." मला इतकं वाईट वाटलं! जिचा हॉर्न अख्खं खोरं ओळखतं, तिला नाक ओळखत नाही. शेड सोडून ती कुठं गेलीच नव्हती ना. मी तिथल्या तिथं नोंद केली.

तो महिना म्हणजे जत्राच. मी ड्यूटी संपली की मागच्या फळीवर लटकून यायची. ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं ती माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागली, आणि वळण आलं की अंगावर कलंडायलाच लागतं, मग किती दिवस गप्प राहणार? दोन भाऊ, बांधावरनं भांडलेले, तिसऱ्या वळणावर कलंडले आणि एक म्हणाला, "वजन वाढलं का रं तुझं?" झालं भांडण खलास. कुणाचं कुठं लग्न ठरलं, कुणाची म्हैस कुठं व्याली, सगळं जीपमध्ये कळायचं. धनगरवाड्यावरची ताराक्का, सत्तरीची, गुडघे गेलेली, ती तर रोज यायची. म्हणायची, "त्या गपगाडीत बसलं की आपुन मेलोय आन आपल्याला न्यायलेत असं वाटतंय बाई."

आणि आई चालत जायची.

खरंच. गपगाडी बंद, ॲम्ब्युलन्स फक्त पेशंटला. घाटाच्या पोटातनं धनगरांची पायवाट आहे, सरळ चढ. ती सकाळी उन्हाच्या आधी निघायची आणि संध्याकाळी उतरायची. पप्पा रोज संध्याकाळी उपकेंद्रासमोर जीप लावायचे. इंजिन बंद ठेवायचे, तिला धूर नको म्हणून. जीप गच्च, पुढची सीट रिकामी, आणि पप्पा हवेत बघून ओरडायचे, "चला एक शीट, एक शीट राहिलंय!" आई कुलूप लावायची, पर्स खांद्याला अडकवायची, आणि जीपच्या तोंडासमोरनं पायवाटेला लागायची. ती वळणाआड गेली की पप्पा म्हणायचे, "भरली बरं का," आणि जीप सुटायची. रोज. रोज! लोकांना वाटायचं आज बसेल, आज बसेल. पोपटनाना तर पैज लावायचे आणि रोज हरायचे.

मी एकदा आईला विचारलं, "बस की गं एकदा. एका महिन्याचा तर प्रश्न आहे."

ती म्हणाली, "मी गाडीवर रुसले नाही, ईशे. गाडीनं काय केलंय?"

तीस तारीख आली.

पप्पांनी सकाळी जीप धुतली. सीटवर टॉवेल अंथरला. मला म्हणाले, "आज सहाच्या आत खाली यायचं. मग परत शेड." आवाज एकदम साधा. मी म्हटलं, "पप्पा, साडेपाचला वरनं निघा. मी वरच्याच नाकावर आहे."

साडेपाचला मी उपकेंद्रापाशी आले. जीप भरलेली. पोपटनाना, ताराक्का, शेवटची फेरी म्हणून आलेली धनगरवाड्यावरची माणसं, एका बाईच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी. पप्पा बॉनेटला टेकून उभे. आईनं बाहेर येऊन कुलूप लावलं.

"चला एक शीट," पप्पा म्हणाले. ओरडले नाहीत, नुसते म्हणाले. "एक शीट राहिलंय."

आई थांबली. टॉवेलकडं बघितलं. मग पायवाटेला लागली.

 आणि मग ताराक्का म्हणाली, "ए, मला उतरू दे." तिनं पाय खाली टाकला, काठी टेकवली, आणि लंगडत आईच्या मागं निघाली.

"आक्का, कुठं निघालीस?" पप्पा.

"वडाप भरल्याबिगर सुटत न्हाय न्हवं? भरत तर न्हाय. मग मी चालते. शिस्टर चालतीया, मला काय धाड भरलीया?"

मग पोपटनाना उतरले. मग ते दोघं भाऊ. मग कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती बाई. एकेक करून अख्खी जीप उतरली आणि आईच्या मागं रांगेनं पायवाटेला! कोंबड्या ओरडतायत, नाना "बोला, कोण कोण येणार" करतायत. आईनं मागं वळून बघितलं आणि अशी तडकली!

"अहो, काय चाललंय? आक्का, माझं औषध खाता आणि हे चढउतार करता? गुडघे बघा तुमचे! वाटीला वाटी घासतीये!"

"घासू दे. मोडलं तर तू हाईसच बांधायला."

"नाना, तुमचं बीपी किती होतं परवा?"

"तू बस मग मी बसतो," नाना लहान पोरासारखे म्हणाले.

"हे बघा, उगाच नाटकं नकोत. जा गाडीत बसा."

"गाडी सुटत न्हाय," ताराक्का म्हणाली आणि तिथंच दगडावर बसली. "एक शीट राहिलंय."

हे किती वेळ चाललं! आई रागावली, समजावलं, पुन्हा रागावली. पप्पा लांबच उभे. शेवटी आईनं ताराक्काच्या काखेत हात घातला, तिला उठवलं, आणि तशीच धरून जीपपर्यंत आणली. तिला मागं बसवलं. एकेकाला हात देऊन चढवलं. आणि मग पुढं येऊन, पदर खोचून, त्या सीटवर बसली. टॉवेल घडी करून मांडीवर घेतला, जसा पूर्वी डबा घ्यायची.

"आक्कांच्या गुडघ्यासाठी बसले," ती समोर बघत म्हणाली. "कुणी काही समजू नका."

कुणीही काही समजलं नाही. सगळे इतके गप्प, जसे काही गपगाडीत बसलेत.

आणि माझ्या खिशातला स्क्रीन वाजला. सहा. समोरच्या खांबावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. टॅक्स चालू.

"पप्पा," मी म्हटलं, "सहा वाजले."

सगळ्यांना कळलं. सात नाकं खाली. तिसऱ्यालाच जीप जाणार. वर ठेवून चालत जावं तर उद्या खाली आणायची कुठनं? रस्ता एकच. उपकेंद्राच्या दारात जीप सडणार. एक जण म्हणाला, "ईशे, तुझीच नाकं हायत, टाक की फडकं!" पण फडकं टाकलं की नाक स्वतःच बोंबलतं, झाकलंय म्हणून, आणि खालनं माणूस येतो.

मग पोपटनाना हळूच पुढं वाकले. "दिगू. उतार हाय. किल्ली बंद, गिअर न्यूट्रल. धूर न्हाय तर टॅक्स न्हाय. त्या खांबाला कळायचंबी न्हाय कोण गेलं ते."

आणि ते बरोबर होतं! तिथं सगळ्यात जास्त मला माहीत होतं की ते बरोबर आहे. नाक गाडी बघतच नाही, धूर बघतं. बंद जीप त्याच्या दृष्टीनं वाऱ्यासारखी. घाटाखाली आमचं घर, शेवटच्या नाकापासून शेडपर्यंत उतारच. जीप वाचली असती.

"नवे ब्रेक घातल्यात की तू," मागनं कुणीतरी म्हणालं. "हळू हळू जाऊ."

पप्पांचा हात किल्लीवर. जीप तशीही बंदच उभी होती, उताराला तोंड करून. फक्त हँडब्रेक सोडायचा होता. पवनचक्क्या उभ्या, पान हलत नव्हतं. आई समोर बघत होती. तिनं डावा हात, तोच, न वळणारा, डॅशबोर्डच्या दांडीवर ठेवला. घट्ट धरला. 

पप्पांनी त्या हाताकडं बघितलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "दार नीट लावलं का?"

"लावलं."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, अख्खी जीप थरथरली, मागनं काळा ढग निघाला.

"आरं येड्या!" पोपटनाना कळवळले.

दुसऱ्या गिअरमध्ये जीप उतरायला लागली. पहिलं वळण. पाय दाबला, धूर निघाला, खांबावर लाल दिवा. पप्पांचा मोबाईल वाजला. दुसरं वळण. लाल. मोबाईल. मी मागच्या फळीवर लटकलेली, मला खांब एकेक मागं जाताना दिसत होते. रोज पुसलेल्या काचा माझ्या. लख्ख.

तिसऱ्या वळणाच्या आधी आई बोलली. इंजिनाच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागलं, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"तीन झाले की गाडी जाते ना हो?"

"व्हय."

"मग?"

पप्पांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मग काय. उतार हाय, सिस्टर. उताराला इंजान चालू पायजे." त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. "तवाबी पायजे हुतं."

बस. अकरा वर्षांनी एवढंच.

तिसरा खांब लाल झाला. मोबाईलमधली बाई गोड आवाजात म्हणाली की आपल्या वाहनाची नोंदणी रद्द झाली आहे. नानांनी डोक्यावरची टोपी काढली. ताराक्कानं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "धूर गेला बाई डोळ्यात."

मग चौथं वळण आलं. तेच वळण. पप्पांनी जीप इतकी हळू केली की कोंबड्यासुद्धा गप्प बसल्या. डोंगराच्या अंगावर जुना ओरखडा अजून आहे. तो मागं गेला. आणि मग पप्पांनी हॉर्न वाजवला. तीन सूर. पुढच्या प्रत्येक वळणावर वाजवला. खाली मळदेवात दारं उघडताना दिसत होती.

गावात सगळे एकेक करून उतरले. जाताना प्रत्येकानं जीपच्या पत्र्यावर हात मारला, बैलाला थोपटावं तसा. "बघतोस काय, बस की" वर नानांनी हात फिरवला. पप्पांनी जीप अंगणात आणली आणि उभी केली. इंजिन चालूच. आई उतरली नाही. मी फळीवरनं खाली उतरून उभी राहिले. म्हटलं, आता काय होतंय?

आई मांडीवरच्या टॉवेलची घडी सरळ करत राहिली.

"ओ ड्रायव्हर."

"हां."

"आज एकही पाखरू ऐकू आलं नाही मला."

 त्यांनी नुसती मान हलवली.

"बंद करा आता," ती म्हणाली. "खोकला येतोय मला."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा हिसका देऊन थांबलं. आणि मग दारातल्या चिंचेवर साळुंक्यांचा तो झोपायच्या आधीचा कालवा, तुम्ही परवा ऐकलात ना, तसाच, एकदम सुरू झाला. म्हणजे सुरू आधीपासूनच असणार. ऐकू तेव्हा आला. अंधार पडेपर्यंत दोघं तसेच जीपमध्ये बसून ऐकत होते. पुढं जीप भंगारात गेली, पण त्याआधी पप्पांनी सिस्टरची सीट तेवढी सोडवून ओट्यावर ठेवली.